काळाचौकीची तुटक रेघ

परळ,
९ जानेवारी १९५६

ती. कौसल्याताईस जयवंताचा नमस्कार.

पोचलो. परळला शुक्रवारीच पोचलो, विहिरीपर्यंत मात्र काल. मधला दिवस कुठे गेला विचारशील, म्हणून आधीच सांगतो. कॉटन ग्रीनच्या वखारीशी हमाल कापसाच्या गाठी उतरवत होते. एवढी मोठी गाठ एक माणूस नुसत्या लोखंडी आकड्याने अशी फिरवतो, जशी माझी आई पोळी उलटते. मी बघत राहिलो. एकाने आकडा माझ्या हातात दिला नि म्हणाला, "बघतोस काय, फिरव." मग संध्याकाळ झाली. अजून डोक्यातून कापूस निघतोय.

पण काल कामाला लागलो. काळाचौकीच्या त्या चाळीच्या अंगणातच विहीर आहे, तू नकाशात फुली मारलीस तिथे. काळ्या दगडाची. कठडा कमरेइतका, आणि एका बाजूला दोराने घासून खाचा पडलेल्या, बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जातं. पाणी मचूळ. पिण्याचं नळाचं, हे धुण्याभांड्याचं.

मी टेपला शिशाचा गोळा बांधून आत सोडला, तर चाळीतल्या बायकांना वाटलं विहीर बुजवायला आलाय. एक म्हातारी थेट पुढ्यात येऊन उभी राहिली. राधाबाई तिचं नाव, मालवणकडची, तीस वर्षं इथे पाणी भरतेय.

"म्युन्शिपाल्टीचो काय रे तू?"

"नाही मावशी, विद्यापीठाचा." (ताई, असं म्हणताना छाती दोन इंच फुगली. माझी सातवी राहिलीय हे तिला काय ठाऊक!)

"थंय काय करतत?"

"पूर्वी जमीन कुठवर होती, समुद्र कुठवर होता, ते शोधतात."

"मगे जमीन हरावली काय?" म्हणाली, नि सगळ्या बायका हसल्या. पण कठड्यावरून घागर उचलून तिने मला जागा करून दिली.

पहिलं मोजमाप : वद्य दशमी, सकाळी, काठापासून पाण्यापर्यंत नऊ फूट दोन इंच. दुपारी नऊ फूट पाच. दिवेलागणीला नऊ फूट एक.

तुझा,
जयवंत

पुणे,
१२ जानेवारी १९५६

चि. जयवंत,

पत्र पोचलं. वहीत तारीख घालायला सांगितली होती, तू तिथी घातलीस. शाळा सुटल्यावर तासभर पंचांग घेऊन बसले होते. मग माझंच मला हसू आलं. आपले कोकणातले लोक भरतीची वेळ कशी काढतात? तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर तीनला भरती, अष्टमीला सहाला. म्हणजे तुझ्या वहीत समुद्राचं घड्याळ आपोआप आलंय. तेव्हा तिथी लिही, पण तारीखही लिही. विद्यापीठातल्या सरांना तिथी चालणार नाही.

आता नीट वाच, कारण तुला निघताना घाईत सांगितलं आणि तुझं लक्ष गाडीच्या शिट्टीकडे होतं.

दोनशे वर्षांपूर्वी परळ आणि शिवडीच्या मधे खाडी आत शिरत होती, हे सगळेच मानतात. कुठवर, याबद्दल जुन्या दोन नकाशांचं एकमत नाही. माझं म्हणणं, ती काळाचौकीच्या त्या चाळीखालपर्यंत होती. वर भराव पडला, चाळ उभी राहिली. पण खालच्या गाळातून समुद्राची ये-जा अजून चालू असेल, तर भरतीला विहीर चढेल आणि ओहोटीला उतरेल. आणि भरतीची वेळ जशी रोज पुढे सरकते, तशी विहिरीची वेळही रोज सरकेल. तेवढं दिसलं की नकाशावर माझी रेघ पक्की. नाही दिसलं तर सर म्हणाले आहेत, "ती रेघ पुसा. अंदाज छापायचा नसतो." बाकी सगळा नकाशा माझ्याआधी कोणी ना कोणी काढलेला आहे. ती एक रेघ म्हणजेच माझा प्रबंध. ३१ मार्चला तो द्यायचाय.

म्हणून पंधरा दिवस, रोज तीन वेळा : सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सात. एकही चुकवायचं नाही. मला शाळेतून रजा मिळत नाही, नाहीतर मीच येऊन बसले असते.

तुला पाठवते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "जयवंत? तो पाणी आणायला गेला की तिथेच पोहायला लागतो." मी म्हटलं, मामाने असं बोलू नये. मला खोटं पाडू नकोस.

कौसल्या

परळ,
१५ जानेवारी १९५६

ती. ताईस,

मामांना सांग, विहीर खोल आहे आणि मला पोहता येत नाही.

आठ दिवसांचे आकडे सोबत आहेत, तारीख-तिथी दोन्ही घालून. पण ताई, यातून काही कळत असेल तर तुलाच. मला तरी विहीर लहरी वाटते. एके दिवशी दुपारी तीन इंच उतरते, दुसऱ्या दिवशी पाच. परवा संध्याकाळी चढायच्या ऐवजी खालीच गेली. अमावास्या झाली, उधाण येऊन गेलं, हिला त्याचं काही नाही.

यावर शिवाचं म्हणणं ऐक. शिवा म्हणजे राधामावशीचा भाचा, शेजारच्या गिरणीत पंपावर आहे. आवाज असा की कुजबुजला तरी तिसऱ्या मजल्यावर कळतं. तो म्हणाला, "अरे, तुझ्या समुद्राचं काय घेऊन बसलास! आमच्या गिरणीची विहीर भिंतीपलीकडेच हाय. आमचा पंप घुटका मारतो तेव्हा मावशीची विहीर खाली बसते. पाळीप्रमाणे चालू, पाळीप्रमाणे बंद."

"रविवारी?"

"रविवारी तर दिवसभर. आठवड्याचा हौद भरून घेतात."

म्हणजे पंप पुरा दिवस थांबतो कधी? तर कधीच नाही, म्हणाला. शिवाने मला एकदा लालबागच्या आखाड्यातही नेलं. तिथे एक पैलवान आहे, तो कुस्तीआधी मातीचा वास घेऊन सांगतो की माती कुठल्या गावची. तुझ्या सरांनी त्याला ठेवून घ्यायला हवा. पण मी सातच्या आत विहिरीवर हजर होतो, मावशीला विचार.

तिळगूळ मावशीनेच दिला. तिला सांगून ठेवलंय की कधी मला उशीर झाला तर जरा बघा पाणी कुठे आहे ते. "मी काय बघतलंय, माका आकडो येणा नाय," म्हणाली. पण हो म्हणाली.

उद्या संध्याकाळचं मोजून गिरगावात गणपतकडे जाऊन येतो. तो छापखान्यात आहे आणि तिकडे रात्रंदिवस पत्रकं छापतायत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही ते उद्या कळणार म्हणतात. तासाभरात परत.

जयवंत

परळ,
२४ जानेवारी १९५६

ती. ताईस नमस्कार.

मी सुखरूप आहे. काळजी करू नये. इकडे काय झालं ते तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील.

तारीख १६ ते २२ चे आकडे सोबत जोडले आहेत. पंधरवडा पूर्ण झाला.

जयवंत

पुणे,
२९ जानेवारी १९५६

चि. जयवंत,

तुझं पत्र येईपर्यंत आठ दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. बाबा रोज सकाळी वर्तमानपत्रातली गोळीबारात गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचायचे आणि शेवटच्या नावानंतर चष्मा काढून पुसायचे. तुझी चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी ती तीनदा वाचली. आता शेजारीपाजारी सांगत फिरतात, "गोळीबार चालू होता, पण आमचा जयवंत विहिरीवरून हलला नाही." तुझ्याबद्दल ते असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आता कामाचं. तू पंपाबद्दल लिहिलंस तेव्हा मला आशा वाटली होती. म्हटलं, विहीर लहरी नाही, पंप तिला हलवतोय आणि समुद्राची हालचाल त्याखाली झाकली जातेय. पण पंप कसा थांबवणार? आणि मग तो थांबलाच! हरताळात गिरणी बंद होती, शिवाच्या गिरणीचंही नाव इथल्या वर्तमानपत्रात होतं. बंद म्हणजे पंप बंद. इतक्या वर्षांत प्रथमच ती विहीर आणि समुद्र, मधे तिसरं कोणी नाही. तुझे आकडे मी उभ्याउभ्याच उघडले, खरं सांगते.

आणि आकडे अगदी आधीसारखेच आहेत. तोच गोंधळ, त्याच उड्या. पंप बंद असूनही.

म्हणजे दोष पंपाचा नव्हता. त्या विहिरीला समुद्र ठाऊकच नाही. खाडी तिथवर नव्हती. दोन वर्षं मी चुकीची रेघ धरून बसले होते. काल सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "चूक सापडणं हेही संशोधनच." चांगले आहेत म्हणून म्हणाले. रेघ पुसली.

तू मात्र अशा दिवसांत उभा राहिलास, ते मी विसरणार नाही. बक्षीस म्हणून बाबांनी तुझ्यासाठी कोट शिवायला टाकलाय.

कौसल्या

परळ,
२ फेब्रुवारी १९५६

ताई,

कोट शिवू देऊ नकोस.

१७ ते २२ चे आकडे खोटे आहेत. मी विहिरीवर नव्हतो.

सोळा तारखेला संध्याकाळचं मोजलं आणि गिरगावात गेलो, तासाभरासाठी. छापखान्यात पत्रकांचा ढीग पडला होता, गणपत म्हणाला, "आलायस तर घड्या घाल." घड्या घालत बसलो. बाहेर गडबड सुरू झाली, मग संचारबंदी. छापखान्याच्या माळ्यावर सहाजण झोपायचो. तिथल्या खिळे जुळवणाऱ्या एका जुळाऱ्याला उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा भरभर वाचता यायची, तो मला शिकवत होता... बघ, आत्ताही मी दुसरीकडेच चाललोय.

तिसऱ्या दिवशी दोन तास संचारबंदी उठवली होती. त्या दोन तासांत चालत काळाचौकी गाठता आली असती. निघालो. भायखळ्याच्या पुलापर्यंत आलो. तिथे रस्त्यात एक चप्पल पडलेली होती. एकच. बाकी काही नाही, माणूस नाही, रक्त नाही, नुसती चप्पल. आणि मी परत फिरलो. तेव्हा मला विहीर आठवली नाही ताई, माझे पाय आठवले.

रविवारी परळला आलो. विहिरीवर जायला तोंड नव्हतं. सोमवारी बसून वहीत आधीच्या आठवड्याचे आकडे उतरवले, इकडे एक इंच वाढव, तिकडे दोन घटव, असं करून. मनात म्हटलं, सहा दिवसांनी काय बिघडतंय, सगळे दिवस सारखेच तर असतात. पंप बंद असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही! तेच सहा दिवस तुला हवे होते आणि तेच मी बनवले. आधीसारखेच दिसणार नाहीत तर काय होईल? मी आधीचेच उतरवले होते.

तुझी रेघ विहिरीने पुसली नाही. मी पुसली.

मामांना तूच सांग, किंवा मी येऊन सांगतो. त्याआधी एक काम करायचंय. राधामावशीलाही मी तोंड दाखवलेलं नाही. तिला जाऊन सांगतो.

जयवंत

पुणे,
५ फेब्रुवारी १९५६

जयवंत,

पत्र मिळालं. बाबांना वाचून दाखवलं. ते उठून शिंप्याकडे गेले आणि आले.

तू भ्यालास याचा मला राग नाही. मीही परत फिरले असते. पण परत फिरलो असं लिहायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

उद्या सरांकडे जाऊन सांगते की ते सहा दिवस रद्द धरा. रेघ पुसलेलीच राहील. विहीर नाही म्हणाली म्हणून नव्हे. तिला कोणी विचारलंच नाही म्हणून.

टेप आणि वही रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठव.

कौसल्या

परळ,
९ फेब्रुवारी १९५६

ती. ताईस,

वही पाठवतोय. टेप नाही. का ते शेवटी सांगतो, आणि या खेपेला मधे कुठेही वळणार नाही.

मी तीन तारखेला सकाळी गेलो. राधामावशी कठड्याशी होती. मला बघून घागर भरायची थांबली नाही.

"इलंस? खंय मेलं हुतंस?"

"गिरगावात."

मग मी तिथेच उभा राहून सगळं सांगितलं. बाकीच्या बायका ऐकत होत्या, ऐकू दिलं. खोटे आकडे कसे लिहिले तेही.

"म्हणजे ताईक फसवलंस."

"होय."

"ती काय म्हणाली?"

"अजून काही नाही. पण टेप परत मागेल."

"बरा करीत." घागर कंबरेवर घेतली, चार पावलं गेली आणि वळली. "मगे मी बांधलंय त्याचा काय?"

"काय बांधलंत?"

"तियां सांगलेलंस ना, माका उशीर झालो तर बघा? तू येवक नाय. मी बघलंय."

ताई, मी तिच्यामागून खोलीत गेलो. दाराआड खुंटीवर विहिरीचा दोर टांगलेला. काथ्याचा जाडजूड दोर आणि त्याला चिंध्या बांधलेल्या. निळ्या, तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या, काळ्या. गोधडीसाठी ठेवलेल्या गाठोड्यातल्या. मी तर म्हटलं, कुठल्या देवाचा नवस आहे हा!

मग तिने समजावलं. घागर पाण्याला टेकली की कठड्याच्या खाचेत दोराचा जो भाग येतो, तिथे चिंधी. एका दिवसाला एक रंग. सकाळची चिंधी एका गाठीची, दुपारची दोन गाठींची, दिवा लावताना तीन गाठींची. सरकू नये म्हणून दोराचे पीळ सोडवून त्यांतून ओवलेली. मंगळवार निळा, बुधवार तांबडा, असं रविवारच्या काळ्यापर्यंत. सहा दिवस, अठरा चिंध्या. एकही चुकलेली नाही.

"मावशी, बाहेर गोळ्या चालल्या होत्या."

"रस्त्यार चलल्यो होत्यो. इहिर अंगणात. नळ सुको, आख्खी चाळ हय पाणी भरी होती. भरताना बघूक काय जाता?"

असं म्हणाली खरं. पण शिवाचा हात गळ्यात बांधलेला आहे. त्यात बुधवारी या अंगणाच्या फाटकातच गोळी लागली. आणि बुधवारच्या तांबड्या चिंध्याही तीन आहेत.

सोमवारी माझी वाट बघून तिने दोर उतरवून ठेवला, चिंध्या निघू नयेत म्हणून. तेव्हापासून शेजारणीचा दोर मागून पाणी भरतेय आणि रोज तिची बोलणी खातेय. मी नवीन दोर आणून दिला.

शिवाला विचारलं, पंप नेमका कधी बंद होता? मंगळवार ते शनिवार पूर्ण बंद, म्हणाला. रविवारी सकाळी साहेबांनी चार माणसं घालून हौद भरायला चालू केला. ते त्याने डाव्या हाताने लिहून सही केलीय, कागद सोबत आहे. अक्षर कोंबडीचं आहे, पण त्याचंच आहे.

आता टेपचं. मी दोर मोजलेला नाही. सहा दिवस तो माझ्याकडे आहे आणि सहा दिवस माझे हात शिवशिवताहेत. पण माझ्या हाताने एकही आकडा या दोरावरून वहीत जाणार नाही. मावशी नि शिवासमोर गोणपाटात शिवून पार्सल केलंय, शिवणीवर मावशीचा अंगठा आहे. तू मोज, सरांना मोजू दे. मावशीचा निरोप : "वलो करून माप. वलो नि सुको दोर एक नसता."

टेप मी ठेवून घेतोय, कारण उद्यापासून पुन्हा पंधरवडा धरतोय. पंप चालू असतानाचा, नीट, रोज मावशीच्या अंगठ्यानिशी. तुला जोडून बघायला लागेल. नको असेल तर फाडून टाक. मी मोजणार.

जयवंत

पुणे,
१९ फेब्रुवारी १९५६

चि. जयवंत,

पार्सल आलं त्या दिवशी मी ते उघडलं नाही. तसंच उचलून सरांकडे नेलं. सरांनी शिवणीवरचा अंगठा भिंगातून पाहिला, मग स्वतः कात्रीने शिवण उसवली.

विभागाच्या मागच्या व्हरांड्यात हौदाच्या पाण्याने दोर भिजवला आणि सरळ अंथरला. शिपाई एका टोकाला, मी दुसऱ्या. सर गुडघ्यांवर बसून टेप लावत होते, धोतर भिजलं त्याचंही भान नव्हतं. एक रंग झाला की मी तिथी सांगायची आणि पाऊणपट करून भरतीची वेळ. पहिले दोन रंग मोजून झाले. तिसऱ्याला सर म्हणाले, "थांबा, पुन्हा मोजू." पुन्हा तेच आलं.

ऐक. निळा, मंगळवार, चतुर्थी. भरती तीनला. दुपारचं पाणी सकाळपेक्षा आठ इंच वर. त्यानंतर रोज दुपारचं पाणी थोडं खाली आणि संध्याकाळचं थोडं वर. हिरव्या चिंध्यांपर्यंत, म्हणजे शनिवार, अष्टमी, भरती सहाला, दुपारचं सगळ्यात खाली आणि संध्याकाळचं सगळ्यात वर. समुद्र रोज जेवढा उशिरा, तेवढीच विहीर उशिरा. आणि रविवारी, काळ्या चिंध्या, पंप सुरू झाला आणि पुन्हा तोच लहरी गोंधळ. शिवाचा कागद सरांनी तेव्हाच मागून घेतला.

विहिरीला समुद्र ठाऊक आहे, जयवंत. वरून एवढा भराव, एवढी चाळ, एवढ्या गिरण्या, तरी ठाऊक आहे.

सर टेप गुंडाळत उठले. मग म्हणाले, "निरीक्षण कोणाचं?"

"राधाबाईंचं. काळाचौकी."

"शिक्षण?"

"तीस वर्षं त्या विहिरीवर पाणी भरतात."

"तसंच लिहा."

रेघ परत आली आहे. पण तुटक. पूर्ण नाही. पाच दिवसांच्या पुराव्यावर पूर्ण रेघ ओढता येत नाही, सर म्हणाले. मला भांडावंसं वाटलं, पण ते बरोबर आहेत. तशीच तुटक रेघ घेऊन प्रबंध जाईल, ३१ मार्चच्या आत.

निरीक्षकांच्या यादीत ८ ते १६ जानेवारीपुढे तुझं नाव आहे. १७ ते २२ पुढे राधाबाईंचं. त्या दिवसांसाठी तुझ्या नावापुढे "अनुपस्थित" असं लिहिलंय. तेवढंच लिहिलंय, आणि तेवढं लिहावंच लागलं.

दोर विभागाच्या कपाटात ठेवलाय, पुरावा म्हणून. राधाबाईंना माझा नमस्कार सांग. नवा पंधरवडा चालू ठेव. तारीख घाल.

बाबांना दोराचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तो गेलाच नसता, तर म्हातारीने बांधलं नसतं." आता हे कौतुक की टोमणा, तूच ठरव.

कौसल्या

परळ,
४ मार्च १९५६

ती. कौसल्याताईस जयवंताचा नमस्कार.

पंधरवडा झाला, नि वर आठ दिवस. तेवीस दिवसांचे आकडे सोबत, प्रत्येकापुढे मावशीचा अंगठा. एकोणसत्तर अंगठे. मावशी म्हणते, एवढे अंगठे तिने साऱ्या जन्मात कुठल्या कागदावर उठवले नव्हते. पंप चालू आहे, त्यामुळे गोंधळ आधीसारखाच आहे. पण हा खरा गोंधळ आहे.

तुझं पत्र मी अंगणात वाचून दाखवलं. रंगांचं आलं तेव्हा सगळ्या बायका मावशीकडे बघायला लागल्या. तिचं नाव नकाशाच्या पुस्तकात छापणार म्हटल्यावर ती पदराने कठडा पुसत राहिली. मग विचारलं, "माझो दोर?"

"दोर तिथेच राहणार मावशी. कपाटात. पुरावा आहे तो."

"कपाटात दोर कित्याक? थंय इहिर आसा?"

मी समजावलं. तिला नवा दोर आवडत नाही. हाताला चरचरतो आणि खाचेत बसत नाही. जुना खाचेत आपोआप जाऊन बसायचा. "ह्यो बसाक धा वर्षां जातली," म्हणाली. म्हणजे तोवर ती इथेच आहे, असा त्याचा अर्थ मी घेतला.

मामांना सांग, कौतुकच धरलंय.

आता माझं ठरलंय ते ऐक. शिवाने पंपावर माझ्यासाठी शब्द टाकला, पण त्या पाळ्यांत मोजणं चुकलं असतं. मी त्याच चाळीत खाली, जिन्याजवळ जागा घेतलीय. सकाळची पाळी वखारीत करतो, आकडा मला जमतो आता, आणि वखार सकाळी आठचं मोजून गाठता येते. दुपारी दोनच्या आत परत. उलटी अक्षरं वाचायला तो जुळारी बोलावतोय, पण त्यालाच म्हटलंय, रविवारी दुपारी इकडे ये.

तुझी रेघ तुटक आहे, कारण पंप पाचच दिवस थांबला. पूर्ण व्हायला तो पुन्हा थांबायला हवा. परवा अंगणात शिवाला विचारलं, आता पुन्हा बंद कधी?

गळ्यातला हात त्याने नुकताच सोडलाय, अजून पुरता वर जात नाही. तोच हात गिरणीच्या चिमणीकडे करून तो म्हणाला, "मुंबई मिळेपर्यंत बंद होतच राहणार, तू काळजी करू नको."

मावशीने गाठोड्यातून चिंध्या काढून ठेवल्यात. सात रंग, पुऱ्या आठवड्याचे. मी त्या नव्या दोराशेजारी खुंटीला अडकवल्यात, वही नि टेपही तिथेच. बंद कधी होईल ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी सकाळी आठला विहिरीवर दोघंजण असतील. "अनुपस्थित" कोणी नसेल.

तुझा,
जयवंत